बर्फावरच्या मासेमारीचा तंबू: एक हिवाळा मिनेसोटात, एक जिंतूरकडच्या तळ्यावर

पहिल्यांदाच सांगतो, हा रिव्ह्यू लांबणार आहे. तंबू कसाय हे सांगायला दहा ओळी बास झाल्या असत्या, पण तंबू कुठं लावायचा, कोणाला विचारून लावायचा, अन् रात्री बॅटरी मारत कोणी आलं तर त्याच्याशी काय बोलायचं ह्याच्यातच आमचा निम्मा वेळ गेला, आणि ही गोष्ट ना खोक्यावर लिहिलेली असते ना विकणारा सांगतो. म्हणून ज्यांची पोरं तिकडं थंड मुलखात आहेत अन् ज्यांना गळाचा नाद आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतो.

आम्ही जिंतूर तालुक्यातले. येलदरी धरणाचं पाणी लहानपणापासून बघितलेलं, मामानं गळ धरायला शिकवलं तेव्हा मी चौथीत असेन. थोरला मुलगा अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे, नाद त्यालाही लागलेला, त्यानं हा तंबू तिकडं सेलमध्ये साडेतीनशे डॉलरच्या आसपास घेतला. जानेवारीत आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्याकडं गेलोत तेव्हा पहिल्यांदा वापरला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढं एक तक्रार सांगायचीय, आणि तसेही ह्या प्रकारचे तंबू पाच-सहा कंपन्या बनवतात, बांधणी सगळ्यांची जवळपास एकच.

बांधणी अशी की चार भिंती अन् एक छत, प्रत्येकाच्या मधोमध एक गोल चकती, त्या चकतीत फायबरच्या काड्या अडकवलेल्या अन् बाहेरून पट्टा. पट्टा धरून ओढला की ती भिंत फट्‌कन बाहेर फुगते, छत्री उघडल्यासारखी. पाच वेळा ओढलं की तंबू उभा. दोघं असले तर दोन-तीन मिनिटांचं काम. कापड जाड, मधी गोधडीसारखं अस्तर भरलेलं. आणि तळ नाही! हे बऱ्याच जणांना कळत नाही, घेतात अन् मग म्हणतात खाली कापडच दिलं नाही. अहो, तळ कसा देतील, खाली बर्फाला भोक पाडून त्यातच गळ सोडायचा असतो. भिंतीच्या खाली चारी बाजूंनी झालर येते, तिच्यावर बर्फ ओढून टाकायचा म्हणजे वारा आत शिरत नाही. वजन पिशवीसकट सतरा किलो भरलं, मी स्वतः मोजलं.

आता मिनेसोटाचं. मिलॅक्स नावाचं तळं आहे, एक लाख बत्तीस हजार एकरांचं, म्हणजे आपला नाथसागर, पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी, साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर धरला तर हे पाचशेच्या वर जातं, अन् ते अख्खं गोठतं. माझा पाय पहिल्यांदा पुढं पडेना. मुलगा म्हणला, बाबा, चालायला चार इंच बर्फ पुरतो, इथं गाड्या चालल्यात बघा. खरंच, पिकअप चालल्यात, मधी रस्ते काढलेत, लाकडाच्या खोल्यांची वस्तीच बसलेली. बायको काठावरूनच म्हणली, हे तर जत्रंसारखं दिसायलंय.

पण त्या वस्तीला कायदा आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं असेल तर तेच. तिकडं मासे धरायचं लायसन वेगळं अन् तंबूचं वेगळं. मी बाहेरच्या राज्यातला, त्यामुळं मला बहात्तर तासांचं मासेमारीचं लायसन काढलं, छत्तीस डॉलरचं. मुलगा तिथला रहिवासी, त्याला तंबूचं वर्षाचं लायसन पंधरा डॉलरला. बाहेरच्या माणसाला तंबूच्याच लायसनला सदतीस पडतात वर्षाचे, सात दिवसांचं घेतलं तर एकवीस. आम्ही घेतलं तेव्हाचे हे दर आहेत, जायच्या आधी बघून घ्या.

घडीचा तंबू असला अन् आपण आत किंवा आजूबाजूला असलो तर लायसन लागतच नाही. लागतं ते तंबू रात्रीचा एकटा सोडून गेलात तर, मध्यरात्र ते सूर्य उगवायच्या एक तास आधी, ह्या वेळात. आणि ज्या तंबूवर मालकाची ओळख लिहिलेली नाही त्याच्यापासून लांब जायचं नाही, तो नजरेत राहिला पाहिजे. ओळख म्हणजे बाहेरच्या अंगाला नाव-पत्ता किंवा गाडी चालवायच्या लायसनचा नंबर किंवा त्यांच्या खात्यानं दिलेला नंबर, अक्षरं कमीत कमी दोन इंच उंच. रात्री बर्फावर ठेवणार असाल तर प्रत्येक बाजूला चमकणारी पट्टी, कारण अंधारात स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावर पळणारी गाडी, येऊन धडकते. दुसऱ्याच्या खोलीपासून दहा फुटांच्या आत आपलं लावायचं नाही. अन् मार्च आला की उचला, दक्षिण भागात मार्चचा पहिला सोमवार, उत्तरेत तिसरा, कारण बर्फ पातळ झाल्यावर ती सगळी लाकडं अन् घाण तळ्यातच जाणार. घाणीवरून आठवलं, २०२३ पासून कचरा खोलीच्या बाहेर बर्फावर टाकला तर शंभर डॉलर दंड आहे. पिशवीत भरून खोलीला नाहीतर गाडीला बांधून ठेवायचा.

आम्हाला पहिल्याच सकाळी तिथला अधिकारी भेटला. बाहेर स्नोमोबाईल थांबल्याचा आवाज आला, मग बर्फावर बुटाचा कर्रकर्र आवाज, मग तंबूच्या काडीवर दोनदा टकटक. मी एकदम उभाच राहिलो. आपल्याकडं वर्दीतला माणूस पाण्यावर आला की आधी पोटात गोळा येतो, काही केलेलं नसलं तरी. त्यानं बाहेरूनच आपण कोण ते सांगितलं, मासे लागतायत का विचारलं, अन् आत डोकावू का असं विचारलं. विचारलं हो! मुलानं चेन उघडली. लायसन बघितलं, गळ मोजले, तिकडं हिवाळ्यात माणशी दोनच चालतात, आमचे चार होते, बरोबर. बादलीतला एकुलता एक मासा पट्टीवर ठेवून बघितला. मग मागं जाऊन बाहेरची अक्षरं बघितली. मुलानं मार्करनं नंबर लिहिला होता अन् तो दीड इंचाचाच झालेला. अधिकारी म्हणला की तुम्ही दोघं इथंच बसलेले आहात तोपर्यंत माझं काही म्हणणं नाही, पण आज रात्री सोडून जाणार असाल तर हे नीट करा. दंड नाही, आवाज चढवणं नाही. तेवढं बोलून पुढच्या खोलीकडं गेला.

आम्ही लगेच कामाला लागलोत. गाडीत चमकणारी पट्टी होती, तिचे तुकडे कापून अक्षरं करायची ठरलं. बाहेर उणे बावीस. पट्टी चिकटेचना, गोंदच गोठलेला. मग एकेक तुकडा मी काखेत धरायचो, जरा गरम झाला की मुलगा घेऊन पळायचा अन् कापडावर दाबून धरायचा, तोवर मी दुसरा काखेत. असं करत करत एवढंसं नाव अन् नंबर चिकटवायला पाऊण तास लागला. पण ती अक्षरं अजूनबी जागची हललेली नाहीत, विमानात कोंबून आली तरी.

रात्री मुलानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. तो अधिकारी विचारून का थांबला? तर मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टानं २००२ साली निकाल दिलाय की बर्फावरची मासेमारीची खोली म्हणजे माणसाची खाजगी जागा आहे, माणूस तिथं झोपतो, खातो, म्हणून उगाचच, काही संशय नसताना, न विचारता आत घुसता येणार नाही. मला हे ऐकून फार बरं वाटलं. कापडाच्या तंबूला पण दार असतं अन् दाराला मान असतो, हे कोर्टानं लिहून ठेवलंय.

तंबूचं तिथलं काम चांगलं झालं. आत छोटा गॅसचा हीटर लावला की स्वेटरवर बसता येतं. पण वरच्या झरोक्याची फडकी कधीच पूर्ण बंद करू नका, गॅस जळताना कार्बन मोनॉक्साईड होतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. मुलानं छताला अलार्म लटकवला होता, तो घेतल्याशिवाय हीटर पेटवायचाच नाही असं मी म्हणीन. वारा असला तर आधी वाऱ्याच्या बाजूचा कोपरा बर्फात स्क्रूनं पक्का करा अन् मगच भिंती ओढा, नाहीतर तंबू पतंगासारखा जातो, आमच्या डोळ्यांदेखत शेजारच्याचा गेला.

आता तक्रार. दुसऱ्या दिवशी दाराची चेन गोठली, ओढताना तिचे दोन दात गेले, अन् खिडकीचं प्लॅस्टिक घडी घालताना थंडीनं तडकलं. कंपनीला फोटो पाठवले, पावती पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की चेन वॉरंटीत बसत नाही, खिडकी विकत मिळेल. साडेतीनशे डॉलर घेऊन थंडीसाठीच बनवलेल्या वस्तूची चेन थंडीत तुटते अन् ती वॉरंटीत नाही, हे मला पटलेलं नाही. गावाकडं आल्यावर परभणीत बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडं दिली, त्यानं जाड पितळी चेन बसवून दिली दोनशे रुपयात, ती एकदम मस्त चालतीय.

परत येताना मुलानं दुसरा मोठा तंबू घ्यायचं ठरवलं अन् हा मला दिला. आणायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा, वजन तेवीस किलोत बसतं पण पिशवी लांब असते, लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटरच्या वर जाते, अन् मग काउंटरवर जास्तीचे पैसे भरावे लागतात. आम्ही भरले.

इकडं डिसेंबरात काढला. आमच्या परभणीची थंडी बाहेरच्या लोकांना माहीत नसते, मराठवाडा म्हणलं की सगळ्यांना ऊनच दिसतं, पण डिसेंबरात पहाटं पारा पाच-सहावर उतरतो अन् तळ्याच्या काठावर तर दात वाजतात. तंबू एवढा गरम राहिला की अंगावरचं घोंगडं काढून ठेवलं. बर्फाचे स्क्रू मात्र आपल्या काळ्या मातीत काही कामाचे नाहीत, वरची माती भेगाळलेली अन् खालची ओली, स्क्रू फिरतच राहतो. लोहाराकडून हातभर लांबीच्या लोखंडी खुंट्या करून घेतल्या. झालरीवर बर्फाऐवजी ढेकळं ठेवली. एक दोष, सकाळी नऊच्या पुढं आत बसवत नाही, कापड काळं, भट्टी होते. म्हणजे आपल्याकडं हा रात्रीचाच तंबू.

पहिल्या रात्री अकराच्या सुमाराला मी अन् धाकटा बसलोत, तर बांधावरून बॅटरीचा उजेड आला. दोघं जण, एकाच्या हातात काठी. तळ्याचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं आहे, हे त्यांचे राखणदार. आवाज चढलेलाच होता, कोण आहे रे आत, बाहेर या. त्यांचंही चूक नाही, रात्री जाळं टाकून मासे चोरून नेणारे येतात, बीज ह्यांनी विकत आणून सोडलेलं असतं, कटला-रोहूची बोटाएवढी पिल्लं, ती मोठी होईस्तोवर राखायची अन् कोणी तरी एका रात्रीत उपसून न्यायची. मी बाहेर आलो, हात जोडले, म्हणलं दादा, गळ आहे, जाळं नाही, या आत बघा. त्यांनी आत बॅटरी मारली. तेवढ्यात बाहेरच्या भिंतीवरची ती पट्टीची अक्षरं एकदम चमकली. काठीवाला म्हणला, काका हे काय लिहिलंय? म्हणलं माझ्या पोराचं नाव अन् त्याच्या लायसनचा नंबर, तिकडं तंबूवर असं लिहायचा कायदा आहे, मालक कोण हे बाहेरूनच कळावं म्हणून. तो दोन मिनिटं त्या अक्षरांकडंच बघत राहिला. मग म्हणला, हे बरंय, चोर काय नाव लिहून येतो का. तिथून बोलणं खाली आलं. चहा झाला. पण जाताना सांगून गेले की सोसायटीत येऊन सांगितल्याशिवाय परत बसू नका.

दुसऱ्या दिवशी मी आधी एका सरकारी ऑफिसात गेलो, म्हणलं आपण रीतसर परवानगीच काढू. ह्या टेबलावरून त्या टेबलावर, दुपार गेली. शेवटी एका वयस्कर क्लार्कनं बसवून घेतलं अन् खरी गोष्ट समजावून सांगितली, ती मी आजपर्यंत तळ्याकाठी राहून नीट समजून घेतली नव्हती. पाणी अन् जमीन पाटबंधाऱ्याची. मासे ठेका घेतलेल्या सोसायटीचे. आणि पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते, जिच्यावर मी खुंट्या ठोकल्या, ती गाळपेर म्हणून कुणा शेतकऱ्याला दिलेली असू शकते. तिकडं एका खात्याचं लायसन काढलं की काम झालं, इकडं तंबूच्या चार खुंट्या तीन जणांच्या हक्कात ठोकल्या जातात.

मग गेलो सोसायटीत. सचिव भला माणूस. त्यानं हंगामाचे काही पैसे घेतले, पावती दिली, वर अटी लिहिल्या, गळच वापरायचा, दोघांच्या वर माणसं नाहीत, मासा धरला तर राखणदाराला दाखवायचा, मरळ लहान असली तर सोडायची. गाळपेरवाल्याच्या घरी पण गेलो, त्याचा हरभरा दहा पावलांवरच होता अन् आमच्या पायांनी दोन ओळी तुडवल्या गेलेल्या. त्याची माफी मागितली. त्यानं स्वतः येऊन जागा दाखवली, इथं लावा, इथं पेरलेलं नाही. पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराला पावतीची झेरॉक्स दिली. ह्या सगळ्याला दोन दिवस गेले, पण त्याच्यानंतर अख्खा डिसेंबर-जानेवारी कोणी एक शब्द बोललं नाही.

नाथसागरावर न्यायचं मात्र डोक्यातून काढून टाका. आमच्या पाहुण्यांनी पैठणला बोलावलं होतं, म्हणले तिकडं लावू. जायच्या आधी मी फोनवर चौकशी केली. जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय अभयारण्यात शिरता येत नाही, मुक्काम तर दूरच. आणि हिवाळ्यातच तिथं रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात, पट्टकादंब नावाचे हंस हिमालय ओलांडून येतात, त्यांच्या काठावर आपण रात्रीचा तंबू ठोकून दिवे लावायचे हे मला स्वतःलाच बरं वाटेना. दिवसा परवानगीनं जाऊन दुर्बिणीनं बघून आलोत, तंबू डिकीतच ठेवला.

वनरक्षक असो, राखणदार असो, मिनेसोटाचा अधिकारी असो, माझा अनुभव असा की ते येतात तेव्हा तुमच्याइतकेच तेही बिचकलेले असतात. बंद कापडाच्या आत कोण आहे, किती जण आहेत, हातात काय आहे, त्यांना कुठं माहीत. म्हणून आवाज आला की आधी आपणच आतून ओ द्यायची, दिवा लावायचा, चेन उघडायची, दोन्ही हात दिसतील असं बाहेर यायचं. पावती किंवा लायसन प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराच्या आतल्या खिशात ठेवायचं, शोधाशोध करायची नाही. ओळखीचा साहेब, अमक्याचा पाहुणा, असलं एक अक्षर काढायचं नाही, त्यानं गोष्ट बिघडतेच. चूक असली तर चूक म्हणायचं. अन् पैसे द्यायचे तर पावतीवरच द्यायचे, तळ्याच्या काठावर हातातल्या हातात नाही. एकदा दिलेत की पुढच्या माणसाला पण द्यावे लागतात.

शेगडी किंवा कोळसे घेऊन आत बसू नका, हे परत सांगतो. आपल्याकडं हीटर नसतो, मग लोक घमेल्यात निखारे घेऊन बसतात. कापड जाड, झालरीवर ढेकळं, हवा यायला जागा नाही, जीव जाईल. परभणीच्या थंडीला ह्या तंबूत नुसतं घोंगडं पुरतं.

घ्यावा का? पोरगं तिकडं असेल अन् तुम्ही हिवाळ्यात जाणार असाल तर जरूर घ्या, अस्तरवालाच घ्या, बिनअस्तराचा शंभर डॉलरनी स्वस्त मिळतो पण आत दव ठिबकतं. नुसता इकडंच वापरायला मागवत असाल तर नका मागवू, बॅगेचे पैसे धरून चाळीस हजारांच्या घरात जातो, तेवढ्यात आपल्याकडं ताडपत्रीचे चांगले चार तंबू शिवून होतील. पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा चेनसाठी अन् एक त्या तीन आठवड्यांच्या उत्तरासाठी कापला.

सध्या तंबू माझ्याकडं नाहीये. जानेवारीच्या शेवटी थंडी वाढली तेव्हा सोसायटीच्या सचिवाचा फोन आला, काका, आमचे राखणदार रात्रभर बांधावर उघड्यावर बसतात, थर्माकोलच्या तराफ्याला टेकून, पंधरा दिवस तंबू देता का? लगेच दिला. काठीवाला दादा स्वतः न्यायला आला, त्याला पट्टे कसे ओढायचे अन् आधी कोणता कोपरा ठोकायचा ते दाखवलं. मग तोच म्हणला, काका, ह्या इंग्रजी नंबरखाली आमचं पण लिहा की. चमकणारी पट्टी थोडी उरली होती. सोसायटीचं नाव अन् त्याचा मोबाईल नंबर मराठीत कापून चिकटवला, इकडच्या उन्हात पट्टी एका दाबात बसली. अक्षरं दोन इंचांचीच काढली, फूटपट्टी लावून.